एस्तेर सिस्टरचा गुरुवार

एस्तेर सिस्टर कोणाच्याही दाराशी गेल्या की उंबरठ्याच्या अलीकडे थांबायच्या. दार सताड उघडं असो, आतली बाई ओळखीची असो, आधीच्या आठवड्यात त्याच घरात तासभर राबून गेलेल्या असोत, तरी थांबून विचारायच्या, "येऊ का?" आतून "या" आलं की चपला काढायच्या. "आज नको" आलं तर "बरं, पुढच्या गुरुवारी येतो" म्हणून वळायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसायची नाही. माझ्या चेहऱ्यावर दिसायची, कारण अमरावतीतल्या राजापेठेच्या गर्दीतून दोन बादल्या, मेणकापडं आणि टॉवेलांचं गाठोडं रिक्षात घालून आम्ही आलेलो असायचो.

"सिस्टर, जरा समजावलं असतं तर घेतलं असतं त्यांनी आत," असं मी एकदा म्हणाले.

"आंग त्याइचं आहे, मॅडम. नाई म्हटलं म्हणजे नाई."

मी शाळेत शिकवते म्हणून त्या मला मॅडम म्हणायच्या. मी त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान.

तीस-बत्तीस वर्षं नर्सची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. ठेंगण्या, रुंद मनगटांच्या. नखं इतकी बारीक कापलेली की बोटांची टोकं लाल दिसायची. ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोलून बोलून आवाज चढा झालेला, त्यामुळे चर्चमध्ये त्या हळूच काही बोलल्या तरी पहिल्या बाकावर ऐकू जायचं. स्वतः शेवटच्या बाकावर बसायच्या. पाळकसाहेबांचा संदेश सुरू झाला की मान खाली जायची आणि आशीर्वादाच्या वेळी बरोबर वर यायची. पाळकसाहेबांनी एकदा थट्टेत विचारलं, तर म्हणाल्या, "तुमचा आवाज चांगला आहे न, झोप लागते." त्यांना फक्त एका शब्दाचा राग होता. कुणा रोग्याला कोणी 'बिच्चारा' म्हटलं की त्या तिथल्या तिथे सांगायच्या, "बिच्चारा कायचा? जित्ता आहे तो."

गुरुवारची ही फेरी त्यांनीच सुरू केली. आमच्या मंडळीच्या बैठकीत नाताळाआधी आजूबाजूच्या गरजू लोकांना ब्लँकेटं वाटायचं ठरत होतं. कुठं मांडव घालायचा, पाहुणा कोण, फोटो कोण काढणार, इथपर्यंत बोलणं आलं होतं. तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. ब्लँकेटं त्याइच्याजवळ आहेत, ती धुवायले कोणी नाही. आपल्या चर्चच्या मागच्या दोन गल्ल्यांत सात माणसं अंथरुणावर पडून आहेत, ख्रिस्ती त्यातलं एकही नाही, आणि त्यातल्या चौघांच्या डोक्यावरून दिवाळीपासून पाणी गेलेलं नाही. सात जणांची नावं त्यांना तोंडपाठ होती. मग ठरावात 'शेजारसेवा' असं नाव लिहिलं गेलं. सिस्टर मात्र शेवटपर्यंत 'आपली आंघोळ पार्टी' म्हणायच्या.

पार्टीत माणसं तीन. सिस्टर, मी आणि मिलिंदभाऊ. मिलिंदभाऊंची ऑटोरिक्षा. ते चर्चच्या मागे राहायचे, बौद्ध घरातले. त्यांच्या आईला सिस्टरांनी शेवटचे चार महिने दर आठवड्याला न्हाऊ घातलं होतं. आई गेल्यानंतरच्या गुरुवारी ते आपणहून रिक्षा घेऊन चर्चच्या फाटकाशी उभे राहिले, आणि मग राहतच गेले. जड माणसाला कुशीवर वळवायचं काम त्यांचं. पाणी तापवायचं, बादल्या उचलायच्या, टॉवेल पिळायचे हे माझं. बाकी सगळं सिस्टरांचं.

पलंगावर पडलेल्या माणसाचं डोकं धुवायचं म्हणजे आधी मेणकापडाची पन्हळ करून ती मानेखालून बादलीत सोडायची. हे शिकता येतं. त्या बोलायच्या ते शिकता येत नव्हतं. "आता डावा हात घेतो बाबाजी. घेऊ?" समोरचा बोलू शकत नसला तरी विचारायच्या. त्याची पापणी हलेपर्यंत थांबायच्या. मग हात उचलून बोट न् बोट धुवायच्या आणि शेतात काय पेरलं होतं, बैलांची नावं काय होती, ते विचारत राहायच्या. ज्या भागाला पाणी लागतंय तेवढाच उघडा, बाकी सगळं अंग चादरीखाली. मी एकदा टॉवेल आणायला उशीर केला, तर त्यांनी आपला पदर त्या म्हातारीच्या पायांवर पसरला आणि तशाच वाकून उभ्या राहिल्या.

एका गुरुवारी मंडळीतल्या कुणीतरी आमच्या पिशवीत प्रार्थनेची पत्रकं टाकून दिली. घरोघरी जाताच आहात तर देत जा, असा त्यांचा हेतू. सिस्टरांनी पत्रकं काढून पाळकसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. आंघोळीसोबत काही वाटायचं नाही, आपला साबणही आपण परत आणायचा, एवढंच बोलल्या. आणि खरंच, ओला साबण डबीत घालून परत आणायच्या.

तरी संशय यायचाच. गावंडेकाकांच्या घरी तो आला. काका वलगावकडचे. मुलगा अमरावतीत नोकरीला लागला म्हणून शेती ठोक्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर, कसायला देऊन राजापेठेत त्याच्याकडे राहायला आले, आणि वर्षभरात लकव्याने पडले. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलाने फाटकाशीच विचारलं की तुम्ही चर्चवाल्या ना, मग आमच्याकडे काय काम? सिस्टर म्हणाल्या, आंघोळ घालायचं. तो म्हणाला, आमची आम्ही घालतो. "बरं, पुढच्या गुरुवारी येतो," म्हणून सिस्टर वळल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. असे नऊ गुरुवार गेले. नवव्या वेळी तो मुलगा चिडून म्हणाला की तुम्हाला लाज कशी वाटत नाही. सिस्टर म्हणाल्या, वाटते, पण मागच्या गुरुवारी येतो म्हटलं होतं.

दहाव्या गुरुवारी तो ऑफिसात होता. फाटक सुनेने उघडलं. माधुरी तिचं नाव. अठ्ठावीस-तीसची असेल. "येऊ का?" सिस्टरांनी विचारलं आणि ती उत्तर द्यायच्या आधी रडायलाच लागली. काकांच्या पाठीला, माकडहाडाशी, तळहाताएवढी जखम झाली होती. वास खोलीबाहेर येत होता. ती सांगत होती की मी त्यांना कुशीवर वळवते, पावडर लावते, घरातलं सगळं करून करते. नणंदा येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाकडे दुर्लक्ष केलंस.

सिस्टरांनी जखम पाहिली. ही आपल्या हातची नाही, आजच डॉक्टरला दाखवायची, म्हणून मिलिंदभाऊंना ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दर दोन तासांनी वळवायचं म्हणजे कसं, गुडघ्यांमध्ये उशी कशी ठेवायची, चादरीला एकही सुरकुती का नको, हे दाखवलं. मग हात धुतले, माधुरीला समोर बसवलं.

"पोरी, जखम झाली म्हणजे तू वाईट झाली असं नाई. आंग एकाच जागी पडून राहिलं तं ते फुटते. नर्सच्या हातात बी फुटते. कोणी तुले बोललं तं त्याले म्हण, दोन दिवस इथं राहून पाय."

माधुरीने पदराने तोंड पुसलं आणि उठून काकांच्या गुडघ्यांमधली उशी नीट केली.

काका त्यानंतर पाच महिने होते. जखम भरत आली होती. मुलगा नंतर स्वतः पाणी तापवून ठेवायला लागला, आमच्याशी बोलायचा नाही, पण गुरुवारी सुट्टी टाकून घरी राहायचा. काकांच्या तेराव्याला त्याने आम्हा तिघांना बोलावलं आणि पाहुण्यांच्या पंगतीत आपल्या हाताने वाढलं.

पण मला सांगायचंय ते त्या दहाव्या गुरुवारचं. परतताना रिक्षात सिस्टरांनी रोजच्यासारखी मिलिंदभाऊंच्या ब्रेकवर टीकाही केली नाही. चर्चच्या फाटकाशी रिक्षा थांबली तरी उतरल्या नाहीत. मिलिंदभाऊंनी इंजिन बंद केलं. मग त्या समोर बघतच बोलायला लागल्या.

त्यांना एक धाकटी बहीण होती, रिबका. अकोल्याला, जुन्या शहरात. त्यांचे वडील म्हातारपणी अंथरुणाला खिळले तेव्हा सिस्टर अमरावतीला नोकरीत, म्हणून रिबकाने आणि तिच्या नवऱ्याने, विजयरावांनी, त्यांना आपल्याकडे नेलं. दोन वर्षं सांभाळलं. सिस्टर सुट्टी मिळाली की जायच्या, सूचना द्यायच्या आणि यायच्या. वडील गेले त्या दिवशी त्यांनी पाठ पाहिली. पाठीला जखमा होत्या. घर माणसांनी भरलेलं होतं. सगळ्यांसमोर त्या बहिणीला म्हणाल्या, "माह्या बापाले कुजवलं तुनं."

त्या दिवसापासून रिबकाने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

पुढे सिस्टरांचे यजमान पडले. आठ महिने. घरात ती दोघंच, आणि त्या तर आयुष्यभर हेच काम केलेल्या. तरी चौथ्या महिन्यात चादर बदलताना त्यांना पाठीवर ती लाल जागा दिसली. आठवड्याभरात ती फुटली. "मंग मले समजलं, मी काय बोलली होती," त्या म्हणाल्या. यजमान गेल्यावर त्यांनी रिबकाला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. स्वतः का नाही गेलात, असं मी विचारलं.

"जायले तोंड पायजे न," एवढं बोलून त्या उतरल्या आणि साबणाची डबी घेऊन घरी गेल्या.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. मग अकोल्याहून आमच्याकडे एका लग्नाला आलेल्या बाईंनी सहज सांगितलं की रिबकाबाईंना पोटाचा कॅन्सर झालाय, आता घरीच आणून ठेवलंय. सिस्टरांच्या हातात जेवणाचं ताट होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अकोला गाठलं.

मोर्णा नदीपलीकडच्या त्या गल्लीत विजयरावांनी दार उघडलं. सिस्टरांनी "सलाम विजयराव" म्हटलं आणि उंबरठ्याच्या अलीकडून विचारलं, "येऊ का?" विजयराव आत गेले. आतून रिबकाचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला, तिले सांगा घरी जा. सिस्टर शेजारच्या ओट्यावर तासभर बसल्या आणि परत आल्या. पुढच्या सोमवारी पुन्हा गेल्या. गुरुवार अमरावतीचा, सोमवार अकोल्याचा. जाऊन-येऊन पाच-सहा तासांचा प्रवास, आणि मध्ये तो तासभराचा ओटा.

सहाव्या सोमवारी माझ्या शाळेला सुट्टी होती, म्हणून मी सोबत गेले. विजयरावांनी मला पाहून आत जाऊन विचारलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "मॅडमनं यावं म्हणते." सिस्टरांनी मान हलवली. मी एकटी आत गेले.

रिबकाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा सिस्टरांचाच, फक्त मांस उतरलेला. खोली लख्ख होती. विजयरावांनी त्यांचे केस विंचरून दोन बारीक वेण्या घातल्या होत्या, एक वर, एक खाली, पुरुषाने घातल्यासारख्या. त्यांनी मला बसायला सांगितलं. मग विचारलं की लोकं सांगतात एस्तेर घरोघरी जाऊन आंघोळी घालते, खरं का. मी हो म्हटलं. आणि कोणाच्या पाठीला जखम असली, तर घरच्यांना काय म्हणते?

मी माधुरीला सिस्टर जे बोलल्या होत्या ते जसंच्या तसं सांगितलं.

रिबकाबाई खिडकीकडे बघत राहिल्या. बाहेर, पाच हातांवर, सिस्टर ओट्यावर बसलेल्या होत्या. डोक्यावरचा पदर दिसत होता.

"हे मले तवा पायजे होतं," त्या म्हणाल्या. मग जरा दम घेऊन, "तिले सांगा, मी रागावली नाई आता. पण तिचा हात मले नको. बापाले मी दोन वर्षं धुतलं अन् त्याचं असं झालं. आता तिच्या हातानं मी साफ व्हावं, हे मले सोसणार नाई."

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत सिस्टरांनी काही विचारलं नाही. मग म्हणाल्या, काय बोलली? मी म्हटलं, त्या रागावलेल्या नाहीत.

"अन् पुढचं?"

मी तिकिटाची घडी घालायला लागले.

"सांगा मॅडम. माह्या वाट्याचं आहे ते."

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मला दिली, स्वतः प्यायल्या नाहीत. पुढच्या सोमवारी त्या पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्याही.

रिबकाबाई एका मंगळवारी सकाळी गेल्या. मिलिंदभाऊ आम्हाला रिक्षाने बसस्थानकावर सोडायला आले आणि रिक्षा तिथंच लावून आमच्यासोबत एसटीत चढले. आम्ही पोचलो तेव्हा अकोल्याच्या मंडळीतल्या बाया जमल्या होत्या आणि अंगाला पाणी घालायची तयारी चालली होती. विजयराव उठून दाराशी आले. दार उघडंच होतं. "ताई, तुमी करा," ते म्हणाले. "तुमच्यापेक्षा चांगलं कोणाले येते?"

बाया बाजूला सरकल्या. एकीने टॉवेल पुढे केला. सिस्टर उंबरठ्याच्या अलीकडे उभ्या होत्या. त्यांचे हात पुढे आले होते, हे मी पाहिलं. मग त्यांनी ते मागे घेतले.

"नाई," त्या म्हणाल्या. "तिनं नाई म्हटलं होतं."

विजयराव म्हणाले, आता ती कुठं आहे बघायला. सिस्टर मागच्या अंगणात गेल्या. चूल पेटवली, पाणी तापवलं. पाण्यात कोपर बुडवून ऊन किती आहे ते बघायच्या आणि बादली दारापर्यंत आणून ठेवायच्या. आतली बाई ती उचलायची. माझं काम त्या दिवशी त्यांनी केलं, मी नुसती उभी राहिले. आतून बायांची कुजबुज यायची, तेव्हा न राहवून त्या बाहेरूनच सांगायच्या, "मान धरा तिची. मानेखाली हात द्या." चार बादल्या झाल्या. पेटीत ठेवल्यावर त्यांनी बहिणीचा चेहरा पाहिला. वेण्या आता नीट, एका रेषेत होत्या.

दफन झाल्यावर घरी चहा झाला. विजयरावांनी आम्हाला विचारलं, कुठून आलात? अमरावतीहून, म्हटलं. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग आत डोकावून ते शेजारणीला म्हणाले की रिबकाचा चहा राहिला. सिस्टरांनी कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे बघितलं. नर्स रोग्याकडे बघते तसं. शेजारीण आम्हाला हळूच म्हणाली की वर्ष झालं, असं चाललंय. रिबकाबाईंनीच आजवर झाकून नेलं. त्यांना मूलबाळ नव्हतं.

महिन्याभरात सिस्टरांनी अमरावतीचं घर बंद केलं, अकोल्याला विजयरावांकडे राहायला जायचं म्हणून. निघायच्या आदल्या गुरुवारी आम्ही पाच घरं केली. शेवटच्या घरातून बाहेर पडल्यावर त्यांनी मेणकापडं झटकून घडी केली, गाठोडं माझ्या हातात दिलं. पुढच्या गुरुवारचं कोण बघेल, असं मी विचारलं.

"तू," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच एकेरीत. "हात गरम ठेवत जाय. तुहे हात लय थंडे असतात."

मंडळीत कोणी म्हणालं की बहिणीने हात लावू दिला नाही, तरी ही तिच्या नवऱ्याचं करायला गेली, हे प्रायश्चित्त आहे. मला ते पटलं नाही, पण मी वादही घातला नाही. त्यांना कधी तसं विचारलं नाही. फोनवर त्या फक्त कामाचं बोलायच्या. कोणाची पाठ कशी आहे, कोणाची जखम भरली, मिलिंदभाऊंनी ब्रेक दुरुस्त केले का.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. त्यानंतर दीड महिन्याने एका सकाळी त्या चहा करता करता खाली बसल्या आणि गेल्या. निरोप आला तेव्हा मी वर्गावर होते. त्यांच्या अंत्यविधीला अमरावतीहून दोन गाड्या भरून माणसं गेली. त्यातल्या बहुतेकांना चर्चमध्ये कुठं बसायचं, कधी उठायचं हे माहीत नव्हतं. माधुरी होती, तिचा नवराही होता. पण त्या दिवशी मी सिस्टरांच्या चेहऱ्याकडे फार पाहिलं नाही. मला आठवतात त्या हिवाळ्यातल्या.

मी अकोल्याला पोचले तेव्हा अकरा वाजले असतील. गल्लीत कोवळं ऊन आलं होतं. विजयराव दारासमोर खुर्चीवर बसले होते, दाढी केलेली, स्वेटरची बटणं नीट लावलेली. सिस्टर खाली पाटावर बसून त्यांच्या पायांची नखं कापत होत्या. बारीक झाल्या होत्या. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली, कारण हातात पाय होता. मी ओट्यावर बसले.

विजयरावांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "रिबका, ह्या कोण आल्या?"

"अमरावतीच्या मॅडम आहेत," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी नाव दुरुस्त केलं नाही. त्यांच्या आवाजावरून कळलं की हे नवं नाही.

अमरावती म्हटल्यावर विजयराव विचारात पडले. चेहऱ्यावर काही तरी धरू बघत होते. मग खाली वाकून अगदी हळू, घरातलं घरात बोलावं तसं म्हणाले, "रिबका, एस्तेरले बोलाव न आता. लय वर्षं झाली. किती दिवस धरून ठेवशीन?"

सिस्टरांचा हात थांबला. मी दुसरीकडे बघायला हवं होतं, पण बघितलं नाही. त्यांनी विजयरावांचा पाय आपल्या गुडघ्यावर सरळ केला, पदराने तळवा पुसला.

"बोलावतो," त्या म्हणाल्या.

"येईन ती?"

"येईन. तुमी पाय हलवू नका."

आणि मान खाली घालून त्यांनी पुढचं नख कापायला घेतलं.